कार्ल फॉन लिंडे: उष्णतेचा हिशेब ठेवणारा इंजिनिअर

एप्रिल २०२१ आठवतोय? कोविडची दुसरी लाट जोरात होती. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर लादलेली एक मालगाडी विशाखापट्टणमला निघाली. तिथल्या स्टील प्लांटमधून टँकर भरून घेतले आणि ती नागपूर, नाशिककडे परत आली. हीच ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. टँकरमध्ये होता लिक्विड ऑक्सिजन, म्हणजे उणे १८३ अंशांच्या आसपासचा, पाण्यासारखा वाहणारा प्राणवायू.

हा ऑक्सिजन कुठल्या खाणीतून येत नाही. तुमच्या-माझ्या आजूबाजूची साधी हवा इतकी थंड करतात की तिचं पाणी होतं, आणि मग त्यातून ऑक्सिजन वेगळा काढतात. मोठ्या प्रमाणावर हे करायची पद्धत उभी केली जर्मन इंजिनिअर कार्ल फॉन लिंडे यांनी. घरातला फ्रिज, आईस्क्रीमचं कोल्ड स्टोरेज, हॉस्पिटलचा ऑक्सिजन या सगळ्यांच्या मागे कुठे ना कुठे हा माणूस उभा आहे. आज त्यांच्या आयुष्याची गोष्ट बघू. आणि सोबत त्यांच्या यंत्रातल्या एका भागाचीही, कारण हा भाग बिघडला की नुसतं मशीन बंद पडत नाही, माणसं दगावतात. त्या भागाचं नाव हीट एक्स्चेंजर.

कॉलेजने बाहेर काढलेला विद्यार्थी

लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ चा, बव्हेरियातल्या बेर्नडोर्फ नावाच्या गावात. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते, आणि मुलानेही तेच करावं अशी घरची अपेक्षा. पण कार्ल यांचा ओढा यंत्रांकडे होता. १८६१ मध्ये ते झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना शिकवायला रुडॉल्फ क्लॉसियस होते. इंजिनिअरिंगला असाल तर हे नाव थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात भेटलं असेल. एन्ट्रॉपी ही कल्पना मांडणारे ते हेच.

१८६४ मध्ये विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं. लिंडे त्यात होते, आणि डिग्री हातात पडायच्या आधीच त्यांना कॉलेजमधून काढून टाकलं. मात्र त्यांच्याच एका प्राध्यापकांनी, फ्रान्झ रॉयलो यांनी, त्यांना एका सूतगिरणीत शिकाऊ म्हणून चिकटवून दिलं. तिथून बर्लिन, मग म्युनिकचा रेल्वे इंजिनांचा कारखाना. १८६६ मध्ये ते तिथे तांत्रिक विभागाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी हेलेन ग्रिम यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे १८६८ मध्ये म्युनिकला नवीन पॉलिटेक्निक सुरू झालं आणि डिग्री नसलेले लिंडे तिथे शिकवायला लागले. १८७२ मध्ये पूर्ण प्राध्यापक. त्यांच्या वर्गात बसलेल्या एका मुलाने थर्मोडायनॅमिक्स इतकं मनावर घेतलं की त्याच्या नावाचं इंजिन आज बहुतेक एसटी गाड्यांत आहे. तो मुलगा म्हणजे रुडॉल्फ डिझेल.

बिअर, आणि गळणारं सील

थंडीकडे लिंडे वळले ते एका स्पर्धेमुळे. पॅराफिन थंड करून त्याचे स्फटिक वेगळे करायचं यंत्र हवं होतं. त्यांनी विषय वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की थंडी तयार करणाऱ्या यंत्रांचा नीट हिशेब कोणी मांडलेलाच नाही. बर्फ बनवायची यंत्रं तेव्हाही होती, पण बहुतेक सगळी करून बघू, चाललं तर चाललं अशा पद्धतीची. किती कोळसा जाळला, त्यातून किती उष्णता बाहेर काढली, आणि मधली कुठे वाया गेली? लिंडे यांनी १८७०-७१ मध्ये हे कागदावर मांडून छापलं.

ते लेख वाचले बिअर बनवणाऱ्यांनी. लागर प्रकारची बिअर थंड तळघरात आंबवावी लागते. त्यासाठी हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून साठवायचे, आणि हिवाळा उबदार गेला की धंद्याचे वांधे. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचे मालक गाब्रिएल झेडलमायर यांनी आपल्याकडे प्रयोग करायला जागा दिली.

पहिलं मशीन मिथाइल ईथर या वायूवर चालणारं होतं. ते थंडी द्यायचं, पण फिरत्या भागाभोवतीच्या सीलमधून वायू गळायचा. सील म्हणून पारा वापरला होता आणि तो दाब धरत नव्हता. वर मिथाइल ईथर ज्वलनशील, म्हणजे गळती नुसती खर्चाची नाही, धोक्याची.

सॉफ्टवेअरमध्ये आपण काय करतो? सर्व्हर पडला की आधी रीस्टार्ट मारतो आणि प्रार्थना करतो. लिंडे यांनी तसं केलं नाही. गळतंय ते का गळतंय, हा प्रश्न धरून ते मागे मागे गेले आणि थेट डिझाइनलाच हात घातला. पाऱ्याच्या जागी ग्लिसरीन आलं, मिथाइल ईथरच्या जागी अमोनिया आला, आणि कॉम्प्रेसरची रचना सोपी झाली. या नव्या पद्धतीचं मशीन त्रिएस्तच्या द्रेहर ब्रुअरीत १८७७ मध्ये सुरू झालं, ते १९०८ पर्यंत चाललं. तीस वर्षांहून जास्त! आपला फोन तीन वर्षं टिकला तरी आपण स्टेटस ठेवतो.

२१ जून १८७९ रोजी लिंडे यांनी प्राध्यापकी सोडून स्वतःची कंपनी काढली. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांची यंत्रं युरोपभर पोचली, आणि १८९० च्या सुमारास रोजचा कारभार दुसऱ्यांकडे सोपवून ते म्युनिकला संशोधनासाठी परतले. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पैसा आणि नाव दोन्ही मिळालेलं. इथे बहुतेक जण निवृत्त होतात. लिंडे यांचं सर्वांत मोठं काम अजून व्हायचं होतं.

पाव अंशाचं चक्रवाढ व्याज

हवा थंड करून तिचं पाणी करणं तोपर्यंत अगदीच अशक्य नव्हतं. १८८३ मध्ये क्राकोच्या दोन शास्त्रज्ञांनी, व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी, थोडासा द्रव ऑक्सिजन बनवून दाखवला होता. पण तो प्रयोगशाळेतल्या नळीपुरता. कारखान्यासारखा सतत वाहणारा द्रव कोणी बनवला नव्हता.

लिंडे यांनी पकडला तो एक छोटासा परिणाम. दाबलेली हवा बारीक व्हॉल्व्हमधून कमी दाबात सोडली की ती किंचित गार होते. जूल आणि थॉमसन यांनी हे चाळीसएक वर्षं आधीच मोजलं होतं. पण किती गार? नेहमीच्या तापमानाला, दाबातल्या दर एका वातावरणाच्या फरकामागे साधारण पाव अंश. म्हणजे ४० वातावरणांचा दाब सोडला तर जेमतेम १० अंश. हवेला द्रव व्हायला उणे १९० च्या खाली जायचंय. १० अंशांत काय होणार?

इथेच हीट एक्स्चेंजर येतो. कल्पना अशी: दोन नळ्या, एक दुसरीच्या आत. आतल्या नळीतून दाबलेली हवा व्हॉल्व्हकडे जाते. व्हॉल्व्हमधून बाहेर पडून गार झालेली हवा फेकून द्यायची नाही, तिला बाहेरच्या नळीतून उलट्या दिशेने परत आणायचं. येताना ती आत जाणाऱ्या हवेची उष्णता काढून घेते. मग पुढची हवा व्हॉल्व्हपाशी पोचते तेव्हाच १० अंश गार असते, आणि सुटल्यावर आणखी गार होते. ती परत येताना तिच्या मागच्या हवेला अजून गार करते. असं फिरत राहतं. कमावलेलं व्याज पुन्हा मुद्दलात टाकत जायचं. थंडीचं चक्रवाढ व्याज!

या उलट-प्रवाहाची कल्पना विल्यम सीमेन्स यांनी १८५७ मध्येच मांडली होती. पण कल्पना मांडणं वेगळं आणि ती चालवून दाखवणं वेगळं. मे १८९५ मध्ये लिंडे यांनी म्युनिकला शंभर मीटर लांबीच्या दुहेरी नळ्यांची प्रचंड गुंडाळी उभी केली. एवढं लोखंड गार व्हायलाच वेळ लागतो, त्यामुळे एका दिवसात काम होणार नव्हतं. तापमान हळूहळू उतरत गेलं आणि शेवटी निळसर द्रव वाहायला लागला, तासाला साधारण ३ लिटर. ५ जून १८९५ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला.

गंमत म्हणजे तेरा दिवस आधी, २३ मे रोजी, इंग्लंडमध्ये विल्यम हॅम्पसन यांनी जवळपास त्याच पद्धतीचा अर्ज दाखल केला होता. दोघांनी स्वतंत्रपणे काम केलं होतं. म्हणून आज पुस्तकांत हॅम्पसन-लिंडे पद्धत असं जोडनाव असतं. हॅम्पसन यांचा शोध ज्या इंग्लिश कंपनीने वापरला ती पुढे ब्रिटिश ऑक्सिजन कंपनी झाली, तिची भारतातली शाखाही मोठी झाली, आणि २००६ मध्ये ती सगळीच लिंडे यांच्या कंपनीत गेली. भारतातल्या शाखेचं आजचं नाव लिंडे इंडिया.

हवेत फक्त हवा नसते

द्रव हवेतून ऑक्सिजन काढायचा कसा? नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. फरक फक्त १३ अंशांचा. या फरकावर खेळत, उंच स्तंभात द्रव आणि वाफ एकमेकांसमोरून पुन्हा पुन्हा नेत, लिंडे यांनी १९०२ मध्ये शुद्ध ऑक्सिजन मिळवला. १९१० मध्ये त्यांच्या कंपनीने दोन स्तंभ एकावर एक रचले. खालच्या स्तंभातला नायट्रोजन द्रव होताना जी उष्णता सोडतो, तिच्यावरच वरच्या स्तंभातला ऑक्सिजन उकळतो. या दोघांच्या मध्ये बसतो आणखी एक हीट एक्स्चेंजर, रीबॉइलर. आजचे मोठे ऑक्सिजन प्लांट याच रचनेवर चालतात.

पण बाहेरून ओढलेल्या हवेत ऑक्सिजन-नायट्रोजनशिवाय बाकीचंही असतं. पाण्याची वाफ असते, तिचा बर्फ होतो. कार्बन डायऑक्साइड असतो, तोही गोठतो. एक्स्चेंजरच्या बारीक वाटांमध्ये हा बर्फ बसला की आधी उष्णतेची देवाणघेवाण मंदावते, मग वाट बंद. म्हणून जुन्या प्लांटमध्ये हवा आधी कॉस्टिक सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडमधून नेऊन धुवायचे, सुकवायचे. तरीही थोडंफार आत जायचंच, आणि ठरावीक दिवसांनी यंत्र बंद करून वितळवावं लागायचं. जुन्या फ्रिजचा डीफ्रॉस्ट आठवा, तेच मोठ्या प्रमाणावर.

हे त्रासाचं होतं, पण जीवघेणं नव्हतं. जीवघेणी होती तिसरी गोष्ट: हवेतले इंधनाचे अंश. विशेषतः ॲसिटिलीन, वेल्डिंगवाला गॅस. रीबॉइलरमध्ये ऑक्सिजन उकळून वर जातो, पण सोबत आलेले हे अंश मागेच राहतात. गिझरच्या कॉइलवर क्षाराचा पांढरा थर कसा दिवसेंदिवस जाड होतो, तसंच. फक्त इथे थर क्षाराचा नाही, इंधनाचा, आणि तो बुडालाय शुद्ध ऑक्सिजनमध्ये.

द्रव ऑक्सिजन आणि जळणारा पदार्थ एकत्र आले की काय होतं, हे लिंडे यांना पक्कं माहीत होतं. कारण १८९७ मध्ये त्यांनीच ऑक्सिजनने समृद्ध द्रव हवा आणि कोळशाची पूड मिसळून एक स्फोटक तयार केलं होतं, ऑक्सिलिक्विट. १८९९ मध्ये सिम्प्लॉन बोगद्याच्या कामात ते वापरून पाहिलं गेलं. पुढे विसाव्या शतकात ऑक्सिजनच्या कारखान्यांत जे स्फोट झाले, त्यांतल्या अनेकांमागे हीच रसायनं होती. खाणीत मुद्दाम मिसळतात ते यंत्राच्या पोटात आपोआप मिसळत होतं. तेव्हापासून ऑक्सिजन प्लांटमध्ये द्रवातलं ॲसिटिलीन मोजणं आणि थोडा द्रव सतत बाहेर काढत राहणं हा नियमच झाला.

शेवटची वर्षं

१८९७ मध्ये लिंडे यांना सरदारकी मिळाली आणि नावात फॉन आलं. म्युनिकचं प्रसिद्ध डॉइचेस म्युझियम उभं करणाऱ्यांत ते होते. फ्रीडरिश आणि रिचर्ड ही मुलं आणि जावई रुडॉल्फ वुखेरर कंपनीच्या कामात आले. १९१६ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्याच काळात त्यांच्या यंत्रांतून निघालेला नायट्रोजन दोन्हीकडे जात होता, शेताच्या खताला आणि महायुद्धाच्या दारूगोळ्यालाही. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी म्युनिकला ते वारले, वय ९२.

पण त्यांच्या एक्स्चेंजरची गोष्ट तिथे संपत नाही. दोन अपघात बघा.

बिंटुलू, १९९७

मलेशियातल्या बिंटुलूमध्ये नैसर्गिक वायूपासून इंधन बनवणारा कारखाना होता, आणि त्याला लागणारा ऑक्सिजन बनवणारा मोठा प्लांट शेजारीच. २५ डिसेंबर १९९७ रोजी त्या प्लांटचा स्तंभ प्रचंड स्फोटात फुटला. तुकडे दूरवर उडाले.

तपास करणाऱ्यांनी तुकडे गोळा केले. रीबॉइलर ॲल्युमिनियमचा होता, आणि त्यातलं बरंचसं ॲल्युमिनियम नुसतं फाटलं नव्हतं, जळलं होतं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ॲल्युमिनियमही इंधनासारखं जळतं, फक्त त्याला काडी लागते. मग काडी कुठली? उत्तर कारखान्याच्या कुंपणाबाहेर सापडलं. त्या वर्षी त्या भागात जंगलांना भीषण वणवे लागले होते आणि धुराचं सावट महिनोन् महिने होतं. धुरातले अतिसूक्ष्म जळाऊ कण हवा साफ करणाऱ्या यंत्रणेतून निसटले, रीबॉइलरमध्ये साठत गेले आणि एक दिवस पेटले. साफसफाईची यंत्रणा बिघडलेली नव्हती. ती वायू पकडायला बनवली होती, धुराचे कण पकडायला नाही. यंत्र तेच राहिलं, बाहेरची हवा बदलली.

लाँगफोर्ड, १९९८

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लाँगफोर्डला नैसर्गिक वायूचा प्लांट आहे. २५ सप्टेंबर १९९८ रोजी तिथला गरम तेलाचा पंप बंद पडला. त्या तेलावर चालणारा एक हीट एक्स्चेंजर एरवी सुमारे १०० अंशांवर असायचा. गरम तेल थांबलं, थंड द्रव येत राहिला, आणि एक्स्चेंजर उणे ४८ अंशांपर्यंत उतरला. बाहेरून पांढरा बर्फ जमला. साधं स्टील इतकं थंड झालं की काचेसारखं ठिसूळ होतं. काही तासांनी पंप चालू झाला आणि गरम तेल आत सोडलं. एक्स्चेंजर तडकला, वायू बाहेर पडला, पेटला. दोन कामगार गेले, आठ जखमी झाले, आणि राज्यातल्या घराघरांचा गॅस दोन आठवड्यांहून जास्त बंद राहिला.

कंपनीने बोट ऑपरेटरकडे दाखवलं: त्याला प्रशिक्षण दिलं होतं, चूक त्याची. सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने ते मान्य केलं नाही. थंडीने स्टील ठिसूळ होतं आणि त्यावर गरम तेल सोडणं जीवघेणं आहे, हे त्या लोकांना नीट शिकवलंच नव्हतं. प्लांटच्या त्या भागाचा धोक्याचा सविस्तर अभ्यासही झाला नव्हता. बर्फ सगळ्यांना दिसत होता. तो काय सांगतोय, हे वाचायला कोणाला शिकवलं नव्हतं.

मग शोधायचं काय?

दोन्ही तपासांत विचारलेले प्रश्न बघितले, तर ते लिंडे यांनी गळणाऱ्या सीलपुढे उभं राहून विचारलेल्याच जातीचे आहेत. उष्णता कुठून आली आणि कुठे गेली? आत काय शिरलं आणि बाहेर काय पडलंच नाही? तापमान किती वेगाने बदललं, आणि तो धातू ते सोसणारा होता का? कोणाचा हात शेवटचा लागला, हा प्रश्न या तिघांच्या नंतर येतो. तो आधी विचारला की तपास तिथेच थांबतो, यंत्र तसंच राहतं आणि पुढच्या पाळीला दुसरा माणूस त्याच जागी उभा असतो.

आणि हे फक्त मोठ्या कारखान्यांपुरतं नाही. घरातल्या एसीच्या कॉइलवर बर्फ जमलेला दिसला, तर खरवडू नका आणि तसाच चालूही ठेवू नका. कॉइल म्हणजे छोटा हीट एक्स्चेंजरच. फिल्टर तुंबून हवा कमी येत असेल किंवा गॅस गळून कमी झाला असेल, तरी असा बर्फ धरतो. एसी बंद करा, बर्फ आपोआप वितळू द्या, फिल्टर उघडून बघा. परत जमला तर मेकॅनिकला बोलवा, आणि त्याने नुसता गॅस भरून दिला तर एक प्रश्न जरूर विचारा: आधीचा गॅस गेला कुठे?